विश्लेषण : घरात प्रवाळाची टाकी, तीही बेताच्या खर्चात… कितपत शक्य?

निळ्या प्रकाशात डुलणारे प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारी नारिंगी-पांढरी क्लाउनफिशची जोडी असलेल्या ‘रीफ टँक’चे व्हिडीओ आता मराठी घरांतल्या मोबाइलवरही सर्रास दिसतात. गोड्या पाण्यातले गप्पी आणि गोल्डफिश पाळून झालेल्या अनेकांना पुढची पायरी म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी खुणावते. मात्र दुकानात चौकशी केली की एकीकडे लाखाच्या घरातला खर्च सांगितला जातो, तर दुसरीकडे ‘पंधरा हजारांत सगळे बसवून देतो’ असेही कोणी म्हणते. यातले खरे काय, पैसे कुठे वाचवता येतात, कुठे वाचवू नयेत आणि भारतात कोणते प्रवाळ घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो, याचा हा आढावा.

रीफ टँक म्हणजे नेमके काय?

खाऱ्या पाण्याच्या टाक्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एकीत फक्त मासे असतात. दुसरीत माशांबरोबर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी असे पाठीचा कणा नसलेले जीवही असतात. या दुसऱ्या प्रकाराला रीफ टँक म्हणतात.

प्रवाळ हा प्राणी आहे. दिसायला वनस्पतीसारख्या असणाऱ्या या जीवाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच झाले. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा करण्यात आली. अथांग समुद्रात दोन-एक अंशांच्या वाढीने हे घडते, तर नव्वद लिटरच्या टाकीत काय होईल याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच रीफ टँकचा बहुतेक खर्च सजावटीवर न होता तापमान, क्षारता, प्रकाश आणि पाण्याची शुद्धता स्थिर ठेवण्यावर होतो.

भारतात कायदा काय सांगतो?

खरेदीची यादी करण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा, कारण परदेशी व्हिडीओंमध्ये त्याचे उत्तर मिळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातील पाइपफिश, तसेच समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा आहे. या अनुसूचीत वाघाचे नाव ज्या तोलाने येते, त्याच तोलाने कठीण प्रवाळांचेही येते.

हा नियम किती काटेकोर आहे, याचे उदाहरण मुंबईतच आहे. किनारा रस्त्याच्या कामाच्या आड वरळी आणि हाजीअली येथील १८ प्रवाळ वसाहती येत होत्या. २०२० मध्ये त्या हलवण्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि तज्ज्ञ संस्थेकडून काम करून घ्यावे लागले. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग करताना उचललेला तुकडा ‘आठवण’ म्हणून घरी आणणेही कायद्याच्या कक्षेत येते. तो तुकडा मेलेला असला तरी फरक पडत नाही, कारण कायद्याने जिवंत प्राण्याइतकेच त्याच्या अवशेषांनाही संरक्षण दिले आहे.

परदेशी जातींबाबतही मोकळे रान नाही. कठीण प्रवाळ हे ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कराराच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करणे बंधनकारक झाले असून त्याचे नियम २०२४ मध्ये आले. ‘इम्पोर्टेड आहे, चालते’ हे दुकानदाराचे तोंडी आश्वासन कागदाची जागा घेऊ शकत नाही.

मग घरच्या टाकीत ठेवायचे काय?

नवशिक्याच्या सुदैवाने, कायद्याच्या या यादीत नावाने नसलेले काही जीव पाळायलाही सोपे आहेत. मशरूम, झोअँथिड आणि लेदर या नावांनी ओळखले जाणारे प्रकार कठीण प्रवाळांसारखा चुन्याचा भक्कम सांगाडा बांधत नाहीत. त्यांना प्रकाश कमी लागतो आणि पाण्यातले कॅल्शियम ते फारसे खर्च करत नाहीत. त्यामुळे महागडे दिवे आणि रसायने थेंबाथेंबाने सोडणारी यंत्रे, असे दोन मोठे खर्च टळतात. समुद्रातून काढलेल्या वसाहतीपेक्षा टाकीतच वाढवून कापलेला छोटा तुकडा घ्यावा. दुकानांत त्याला ‘फ्रॅग’ म्हणतात. तो स्वस्त पडतो आणि टाकीतल्या जीवनाला सरावलेला असतो.

झोअँथिडबाबत एक इशारा आवश्यक आहे. त्यांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, हाताला जखम असताना स्पर्श टाळावा आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातले सगळे आजारी पडू शकतात. लहान मुले असलेल्या घरात हा प्रकार सुरुवातीला वगळलेलाच बरा.

माशांमध्ये क्लाउनफिश हा पहिला पर्याय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून न पकडलेली पिल्ले मिळू शकतात. क्लाउनफिशला समुद्रफूल लागतेच, हा समज चित्रपटामुळे पसरला. टाकीत तो त्याच्याशिवाय उत्तम राहतो. उलट समुद्रफूल नव्या टाकीत टिकणे अवघड असते. त्याच चित्रपटातली निळी ‘डोरी’ म्हणजे ब्लू टँग मात्र घेऊ नये. हा मासा फूटभर वाढतो. त्याचे टाकीतले प्रजनन पहिल्यांदा २०१६ मध्ये यशस्वी झाले आणि बाजारातले बहुतेक मासे आजही समुद्रातून पकडलेले असतात.

छोटी टाकी स्वस्त पडते का?

विकत घेताना पडते, सांभाळताना पडत नाही. खाऱ्या टाकीतून रोज पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. समजा २५ लिटरच्या टाकीतून दिवसाला अर्धा लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही, तर क्षारता दर हजारी ३५ वरून जवळपास ४१ वर जाते. एवढा बदल प्रवाळाला सोसत नाही. मोठ्या टाकीत हाच बदल सावकाश होतो आणि सुधारायला वेळ मिळतो. एखादा मासा मेल्यावर होणाऱ्या प्रदूषणाचेही तसेच आहे.

दुसऱ्या टोकाला, शंभर-दीडशे लिटरच्या पुढे मीठ, वीज आणि जागा या तिन्हींचा भार वाढत जातो. म्हणून पहिल्या टाकीसाठी ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच हे माप सोयीचे आहे. तिची क्षमता १०८ लिटर भरते. वरची मोकळी जागा आणि दगड वजा जाता प्रत्यक्ष पाणी सुमारे ९० लिटर राहते. काच, दगड आणि पाणी मिळून वजन सव्वाशे किलोच्या आसपास जाते. टीव्हीचे टेबल किंवा प्लायवूडचे कपाट हा भार वर्षानुवर्षे पेलत नाही. लोखंडी स्टँड करून घ्यावा आणि टाकी भिंतीलगत ठेवावी.

पैसे कुठे वाचवता येतात?

पहिली बचत टाकीतच होते. ब्रँडेड संच घेण्याऐवजी स्थानिक कारागिराकडून ८ मिमी काचेची टाकी बनवून घेतली तर ती तीन ते पाच हजारांत होऊ शकते. दुसरी बचत गाळणीत. टाकीखालची दुसरी टाकी, म्हणजे ‘सम्प’, आणि ‘प्रोटीन स्किमर’ ही उपकरणे उपयोगी असली तरी दोनच मासे असलेल्या ९० लिटरच्या टाकीला ती लागतातच असे नाही. काठावर टांगायचा साधा फिल्टर आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलण्याची शिस्त यांवर काम भागते.

तिसरी बचत दगडात. परदेशात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा मृत प्रवाळाचा असतो. आपल्याकडे त्यात कायद्याचा धोका आहे. त्याऐवजी सिरॅमिकचा किंवा कारखान्यात बनवलेला सच्छिद्र कोरडा दगड आठ-दहा किलो पुरतो. त्यात जिवाणू वसायला वेळ लागतो, पण नको असलेले किडे आणि शैवाल त्यातून येत नाहीत. चौथी बचत प्रकाशात. मऊ प्रवाळांसाठी ५०-६० वॉटचा, निळ्या प्रकाशाचे प्रमाण जास्त असलेला एलईडी दिवा दिवसाला आठ तास पुरतो. पाणी फिरवणारे छोटे वेव्हमेकरही साध्या बनावटीचे चालतात. ताशी मिळून १,३०० लिटरच्या आसपास पाणी हलले म्हणजे झाले.

आणि कुठे वाचवू नयेत?

मीठ, पाणी आणि मोजमाप या तीन ठिकाणी. स्वयंपाकघरातले किंवा मिठागरातले मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ पूर्णपणे सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सारे ठरावीक प्रमाणात असते. मत्स्यालयासाठी बनवलेले मीठ लिटरला साधारण ३८ ग्रॅम लागते. म्हणजे सुरुवातीला साडेतीन किलो आणि आठवड्याला नऊ लिटर पाणी बदलले तर वर्षाला सुमारे १८ किलो. किलोला तीनशे ते पाचशे रुपये धरले तर हा वर्षाचा साडेपाच ते नऊ हजारांचा खर्च आहे. तो टाळण्यासाठी जुहू किंवा गिरगाव चौपाटीवरून पाणी आणण्याची कल्पना अनेकांना सुचते. शहरालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते. हा मोह टाळावा.

पाण्याचा मुद्दा अधिक चकवणारा आहे. ‘घरात आरओ आहेच की’ असे म्हणून अनेक जण तेच पाणी वापरतात. पण घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. काही यंत्रे तर ‘आरोग्यासाठी’ पाण्यात तांबे सोडतात. माणसाला चालणारे ते तांबे कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना अगदी अल्प प्रमाणातही मारक ठरते. टाकीसाठी आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा असलेली वेगळी गाळणी घ्यावी आणि दोन-तीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरवर आकडा शून्य येतो ना, हे पाहावे. आरओ जे पाणी बाहेर टाकते ते लादी पुसायला किंवा शौचालयात वापरता येते. टंचाईच्या दिवसांत हा हिशेबही महत्त्वाचा आहे.

तिसरे मोजमाप. क्षारता मोजायला काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर न घेता दीड-दोन हजारांचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी यांचे टेस्ट किट सुरुवातीलाच लागतात.

चिलर लागतो का? उत्तर शहरावर अवलंबून

प्रवाळांना साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. थंड देशांतल्या मार्गदर्शनात हीटर अनिवार्य सांगतात. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ प्रश्न उलटा असतो. पाणी थंड ठेवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे पृष्ठभागावर वारा सोडणारे छोटे पंखे. माठातले पाणी गार होते तेच तत्त्व इथे चालते. एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. नव्वद लिटर पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ३६० किलोज्यूल काढावे लागतात. कागदावर तरी लिटरभर बाष्पीभवन साडेसहा अंशांच्या तोडीचे आहे. प्रत्यक्षात खोलीतली उष्णता सतत आत येत असल्याने परिणाम दोन-तीन अंशांचा मिळतो.

मात्र हे सारे हवा कोरडी असेल तरच. पुण्यात, नाशिकमध्ये एप्रिलच्या कोरड्या हवेत पंखे चांगले काम करतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरीत मे महिन्यात हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही आणि पंखा नुसता फिरत राहतो. नागपूर-अकोल्यात हवा कोरडी असली तरी खोलीचेच तापमान इतके चढते की पंखा अपुरा पडू शकतो. अशा ठिकाणी एसी असलेली खोली किंवा चिलर हेच पर्याय उरतात.

चिलरची किंमत साधारण पंधरा हजारांपासून पुढे जाते, पण खरा भार विजेचा असतो. दिवा, फिल्टर आणि वेव्हमेकर मिळून दिवसाला सुमारे एक युनिट, म्हणजे महिन्याला ३० युनिट वीज लागते. अडीचशे वॉटचा चिलर दिवसातून आठ तास चालला तर एकटाच महिन्याला ६० युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात. आधीच टप्प्याच्या काठावर असलेल्या कुटुंबाचे बिल त्यामुळे अपेक्षेपेक्षा जास्त वाढू शकते. वीज गेल्यावर पाण्यातला प्राणवायू झपाट्याने कमी होतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवावा. खारे पाणी आणि वीज एकत्र असल्याने या जोडणीला ईएलसीबी असणे आणि वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवणे, ही सुरक्षेची किमान गरज आहे.

टाकी भरल्यावर मासे कधी सोडायचे?

सर्वाधिक पैसे आणि जीव वाया जातात ते याच टप्प्यावर. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. दगडात आणि वाळूत वसणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. पीएच ७ असलेल्या पाण्याच्या तुलनेत तिथे अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट असतो. गोड्या पाण्यात ‘दोन दिवसांनी मासे सोडले, काही झाले नाही’ हा अनुभव म्हणूनच इथे उपयोगी पडत नाही.

रिकाम्या टाकीत कोळंबीचा एक कच्चा तुकडा टाकला की अमोनिया तयार होऊ लागतो आणि चक्र सुरू होते. दोन-तीन दिवसांआड चाचणी घ्यावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. मग काही पाणी बदलावे आणि आधी गोगलगायी, दोन आठवड्यांनी क्लाउनफिशची जोडी, त्यानंतर महिन्याभराने एखादा मशरूम प्रवाळ असा क्रम ठेवावा. मधल्या काळात दगडांवर तपकिरी थर येतो. तो डायटम शैवालाचा असतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडे पाणीच घालावे. खारे पाणी घातले तर क्षारता वाढतच जाते.

एकूण हिशेब किती?

टाकी, स्टँड, दगड, दिवा, फिल्टर, वेव्हमेकर, गाळणी, मीठ आणि मोजमापाची साधने मिळून ढोबळ खर्च तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान जातो. दर दुकानागणिक बदलतात. चिलर लागला तर तो वेगळा. कुर्ल्याचा मासे बाजार किंवा क्रॉफर्ड मार्केट परिसरात फेरी मारून दर पडताळता येतात. टाक्या बंद करणाऱ्या हौशी मंडळींकडून दिवे आणि पंप निम्म्या किमतीत मिळू शकतात. जुनी टाकी घेताना मात्र तिच्यात माशांच्या रोगावर तांब्याचे औषध वापरले होते का, हे विचारावे.

हा आकडा ज्यांना आज जड वाटतो त्यांनी यादीला कात्री लावून अर्धीमुर्धी टाकी सुरू करू नये. स्टँड आणि टाकी या महिन्यात, गाळणी आणि मीठ पुढच्या महिन्यात, मग दगड आणि चक्र, असे चार-सहा महिन्यांत केले तर खर्च विभागला जातो. चक्र पूर्ण व्हायला तसेही आठवडे लागणारच आहेत. टाकी तयार होण्याआधी आणलेली क्लाउनफिशची जोडी मेली तर ती पुन्हा विकत घ्यावी लागते. दोन महिने थांबायला मात्र काही खर्च येत नाही.